टेस्टमध्ये हिरवी खूण, मग गुगलवर तारे का नाहीत?

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचा चप्पल दुकानदार असो की राजारामपुरीतला हॉटेलवाला, वेबसाइट करून देणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारतो: "दुसऱ्यांच्या नावाखाली गुगलवर रेटिंगचे तारे दिसतात, आमच्याच खाली का न्हाईत?" तो वेबसाइटवाला बिचारा गुगलची टेस्ट लावून दाखवतो. स्कीमा, म्हणजे पानावरची माहिती सर्च इंजिनला समजावून सांगणारा कोड, बरोबर आहे, हिरवी खूणही येते, पण तारे काही उगवत नाहीत.

या भांडणाचं मूळ बरंच जुनं आहे. १९९० च्या दशकात पानाचा मालकच आपल्या पानाचे 'कीवर्ड' कोडमध्ये लिहून ठेवायचा. लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबलं आणि सर्च इंजिनांचा विश्वास उडाला. आपण क्रमवारीसाठी हा टॅग बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्ये जाहीर सांगितलं. दुसरीकडे, यंत्राला कळेल अशी माहिती लिहिण्याचा गंभीर प्रयत्न चालू होता. १९९९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्यासाठी आरडीएफ हे मानक मंजूर केलं. त्यामागे मद्रास आयआयटीत शिकलेले संगणकतज्ज्ञ आर. व्ही. गुहा होते. पण सामान्य वेबसाइटवाल्याला ते झेपणारं नव्हतं, आणि त्यातून त्याला मिळणार तरी काय होतं?

मिळकत दिसली ती मे २००९ मध्ये. गुगलने 'रिच स्निपेट' आणले आणि शोधाच्या निकालातच तारे, किंमत दिसू लागली. पुढे २ जून २०११ रोजी गुगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग ही सामायिक शब्दसूची काढली. त्यातही गुहा होतेच. सुरुवातीला हे सगळं मायक्रोडेटा नावाच्या पद्धतीने पानाच्या एचटीएमएल कोडच्या ओळीओळीत विणावं लागे. साइटची थीम, म्हणजे रंगरूप, बदलली की हे विणलेलं मार्कअप गेलं! २०१४ मध्ये जेसन-एलडी ही लिहिण्याची नवी पद्धत मानक झाली आणि सगळी माहिती एका वेगळ्या तुकड्यात ठेवायची सोय झाली. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत उपयोगी पाऊल हेच. सर्वांत धोक्याचंही हेच, कारण तो तुकडा गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून तर मार्कअपमध्ये लिहिलेलं पानावरही दिसलं पाहिजे, असा गुगलचा नियम आहे.

तपासणीचं टूल मात्र खोटंखरं बघत नाही, लिखाण बघतं. त्यातही २०२० मध्ये फाटा फुटला. गुगलने जुनं स्ट्रक्चर्ड डेटा टेस्टिंग टूल बंद करून रिच रिझल्ट्स टेस्ट पुढे करायचं ठरवलं. वेबसाइटवाल्यांनी ओरड केली, कारण नवं टूल गुगल जे दाखवतं तेवढंच तपासायचं. अखेर २०२१ मध्ये जुन्याचा अवतार 'स्कीमा मार्कअप व्हॅलिडेटर' म्हणून स्कीमा डॉट ऑर्गकडे गेला. आता व्हॅलिडेटर सांगतो की व्याकरण बरोबर आहे; रिच रिझल्ट्स टेस्ट सांगते की पान दाखवण्यास पात्र आहे. प्रत्यक्ष दाखवायचं की नाही, हे गुगलच्या मर्जीवर.

आणि मर्जी फिरते. आपल्याच हॉटेलच्या साइटवर आपल्याच हॉटेलचं परीक्षण लावून तारे मिळवण्याचा उद्योग गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केला. तांबडा-पांढरा कितीही झणझणीत असो, मालकाने स्वतःला दिलेले पाच तारे निकालात येत नाहीत. विकायच्या चपलेवर ग्राहकांनी दिलेली खरी परीक्षणं असतील, तर ती वस्तूच्या पानावर चालतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निकालाखाली दिसणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या पट्ट्याही आवरल्या गेल्या. तेव्हा त्या नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरत्या उरल्या.

मराठी साइटवाल्यांसाठी आणखी एक गोम आहे. नाव, पत्ता, वर्णन देवनागरीत खुशाल लिहा. पण किमतीच्या रकान्यात १८०० हे देवनागरी अंक चालत नाहीत. स्कीमा डॉट ऑर्ग तिथे इंग्रजी अंकच मागतं, आणि रुपयाचं चिन्ह नव्हे तर 'आयएनआर' हा तीन अक्षरी संकेत वेगळ्या रकान्यात रोमन लिपीत लिहावा लागतो.