पेट्रोल पंपाचं मॉडेल: जोडायला बसण्याआधी

या किटचं माप १:६४ आहे, म्हणजे साडेपाच फुटी माणूस इथे २६ मिमीचा होतो. दुकानात मिळणाऱ्या तीन इंची गाड्या साधारण याच मापाच्या असतात. त्यातले ट्रक मात्र कारच्याच लांबीत बसवलेले असल्याने पंपावर खुजे दिसतात, ते दूरच ठेवा.

आधी रंग, मग जोडणी. कॅनोपी सगळ्यात शेवटी, कारण छत बसलं की खाली ब्रश जात नाही आणि एलईडीची वायरही ओढता येत नाही. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीची, कड रंग पिते. तिला पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि मगच रंग लावा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा दुपारी अॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो. सकाळी बसा, रंगात थेंबभर पाणी घाला. कूलरसमोर बसायचा मोह होईल, पण ओल्या रंगावर सगळी धूळ येऊन बसते. फेविक्विक हवेतल्या ओलाव्यावर धरतं, म्हणून उन्हाळ्यात भाग जरा जास्त वेळ दाबून धरावा लागतो. ऑफिसच्या काचेला ते लावूच नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे फेव्हिकॉल बरा.

बरेच जण मशीन आणि पाटी झाली की काम संपलं समजतात. खरा पंप त्यापलीकडे आहे. जमिनीखालच्या टाक्यांतली वाफ बाहेर सोडणारे व्हेंट पाइप बाजूला उभे असतात. खऱ्या पंपावर ते किमान ४ मीटर उंच लागतात, म्हणून किटमधली तार ६३ मिमीवर कापा. टाकी भरायची झाकणं टँकर उभा राहतो त्या बाजूला, आणि वाळूच्या लाल बादल्या तुरीच्या दाण्याएवढ्या, खांबाजवळ टांगलेल्या.

आता मळ. चकचकीत पंप खेळण्यासारखा दिसतो, असं आमचं स्पष्ट मत. वावरातली काळी माती वाळवून जुन्या साडीच्या कापडातून गाळा आणि कोरड्या ब्रशने भिंतीच्या खालच्या वीतभर भागावर चोळा. वीतभर म्हणजे मॉडेलच्या मापाने, ३-४ मिमी. सोयाबीन निघायच्या दिवसांत ट्रॅक्टर वावरातून थेट डिझेल भरायला येतो, तेव्हा चाकांच्या नक्षीतली ढेकळं डिझेलच्या मशीनसमोर पडत जातात. तीच दोन ओळींत टाका, आत येताना दाट आणि पुढे विरळ. तेलाचे डाग काळ्या रंगात थोडं चकाकी वार्निश मिसळून, गाड्या थांबतात तिथेच. कॅनोपीच्या खालच्या बाजूला मळ नको, तिथे फक्त पाकोळ्यांची घाण शोभते.

दोन्ही एलईडी ३ व्होल्टच्या बटण सेलवर चालतात. मोबाइलच्या चार्जरवर घ्यायच्या असतील तर प्रत्येकीला १०० ओमचा रेझिस्टर लावा, थेट ५ व्होल्टवर त्या जळतात. बटण सेल लेकरांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. वाट न पाहता दवाखाना गाठा.

एखादा भाग तुटला किंवा हरवला तर त्याच्यावर छापलेला आकडा आम्हाला कळवा. तेवढाच भाग कापून पाठवतो, टपालखर्च तुमचा.