वरच्या खुर्चीआधीची गळती

सरकारच्या सर्वोच्च पदांवर स्त्रिया किंवा एखाद्या समाजगटातले अधिकारी कमी दिसले, की बोट शेवटच्या निवड समितीकडे जातं. पण बरीचशी गळती त्याआधीच होऊन गेलेली असते.

समजा, भरतीच्या वेळी दोन गट निम्मे-निम्मे आहेत. पुढे प्रत्येक बढतीत एका गटातल्या १०० जणांची निवड झाली, तर दुसऱ्यातल्या ९० जणांची होते. एका पायरीवर एवढा फरक कुणाला खुपतही नाही. पण पाच बढत्यांसाठी ०.९ पाचदा गुणले, की उरतात ०.५९: पहिल्या गटातल्या १०० जणांमागे दुसऱ्यातले ५९. म्हणजे दुसऱ्या गटाचा वाटा ५० वरून ३७ टक्क्यांवर! मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मार्टेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संगणकावर आठ पायऱ्यांची संस्था उभी केली. कामाच्या गुणांमधल्या तफावतीपैकी जेमतेम १ टक्का स्त्री-पुरुष भेदामुळे येते, असं त्यांनी धरलं. तळाशी निम्म्या स्त्रिया होत्या. शिखरावर ३५ टक्के उरल्या.

त्यामुळे मोजणी पायरीवार हवी: पात्र किती, विचारात घेतले किती, अंतिम यादीत किती, नेमले किती. खरी मेख पुष्कळदा पात्रतेच्या अटीत असते. ‘अर्थ खात्यातला पाच वर्षांचा अनुभव’ ही अट वरकरणी निरुपद्रवी. पण त्या खात्यात आजवर बदली कुणाकुणाची झाली, हे तपासायचं राहून जातं.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत आणि चर्चेआधी प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून ठेवावेत. अध्यक्ष आधी बोलले, की बाकीच्यांचे गुण त्यांच्या मताकडे सरकतात. नाव झाकून अर्ज तपासण्याची युक्ती या पातळीवर फारशी उपयोगाची नाही. कामाची यादी वाचूनच माणूस ओळखू येतो.

थोड्या नेमणुकांवरून निष्कर्ष काढणंही धोक्याचं. पात्र उमेदवारांत ३० टक्के स्त्रिया असतील आणि नेमणुका चारच असतील, तर निव्वळ चिठ्ठ्या टाकूनही एकही स्त्री न येण्याची शक्यता २४ टक्के असते. नेमणुका वीस असतील, तर हीच शक्यता एका टक्क्याच्याही खाली जाते.

धोरण बदललं तरी आकडे रेंगाळतात, तेही याच हिशोबाने. १०० पदांवर २० स्त्रिया आहेत आणि दरवर्षी १० पदं रिकामी होतात, असं धरा. जाणाऱ्यांत २ स्त्रिया, नव्याने येणाऱ्यांत ५. वर्षाला भर पडते तिघींची, आणि निम्म्यावर पोचायला लागतात १० वर्षं.