"ताई, अजून जोरात दाबा" म्हणण्याआधी

मान-पाठ दुखते म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं टेबलावर पालथं झाल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, जोरात दाबा हं, आमची पाठ फार कडक आहे." पाच मिनिटांनी दुसरं: "एवढंच?" या दोन वाक्यांसाठी हा कागद छापला आहे.

आमचे हात काम करतात ते फॅशियावर. फॅशिया म्हणजे स्नायूंना गुंडाळणारा पांढुरका, चिवट पापुद्रा. मोसंबीच्या फोडीवर असतो तसा. मटण साफ करणाऱ्यांना तर वेगळं सांगायलाच नको. कमरेत त्याचे अनेक थर असतात आणि ते एकमेकांवर सरकायला हवेत. २०११ साली अमेरिकेत हेलेन लँजेव्हिन यांच्या गटाने सोनोग्राफीने हे सरकणं मोजलं, तेव्हा जुनाट कंबरदुखी असलेल्यांमध्ये ते सुमारे २० टक्के कमी भरलं. आता कडकपणामुळे दुखतं, की दुखतं म्हणून माणूस हलत नाही आणि मग कडकपणा येतो, हे त्यावरून ठरत नाही. आम्ही दोन्ही धरून चालतो.

टेन्शनचा भाग इथेच येतो. मार्च एंडला अकाउंट्सवाल्यांचे खांदे कानाला टेकलेले असतात, त्यांच्या नकळत. श्वास वरवरचा, झोप अर्धवट. फॅशियात वेदना कळवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं भरपूर असतात, आणि झोप नसली की साधा ताणसुद्धा दुखण्यासारखा जाणवतो. एमआरआय स्वच्छ आणि तरी पाठ दुखते, यात खोटं काहीच नाही.

आता जोराचं. २००८ साली काही संशोधकांनी गणिताने तपासलं. मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा फॅशिया एक टक्का दाबायचा तरी हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, असं निघालं. म्हणजे दाबून पापुद्रा "मोकळा" होत नाही. सावकाश, सोसवेल अशा दाबाने शरीराचा पहारा, म्हणजे दुखेल या भीतीने स्नायू आवळून धरणं, सैल पडतो, मुख्य फरक त्याने पडतो. उलट जोरात दाबलं की तुम्ही श्वास रोखता, मुठी आवळता, आणि पाठ आणखी कडक. दुसऱ्या दिवशी काळंनिळं. मग पुढची अपॉइंटमेंट आठवडाभर लांबते आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून. आमचा सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

घरी पोराला पाठीवर चालवणं, लाटणं फिरवणं, उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाणं... आजीचा राग नको, पण येण्याआधी चार दिवस तरी हे टाळा.

"पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा आणि श्वास, मग पैसे कशाचे?" असं एका काकांनी विचारलं होतं. गप्पांतच कळतं, की खुर्ची कशी आहे, झोप किती, दुखणं तीन महिन्यांच्या पुढे गेलंय का. पॅकेज आम्ही विकत नाही. तीन भेटींत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडे पाठवतो. पाय बधिर होणं, ताकद जाणं, ताप, लघवीवरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल तर आधी तिकडेच जा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगा.

येताना सैल कपडे घाला. तेल लावून येऊ नका. हात घसरतो आणि पहिली दहा मिनिटं पुसण्यात जातात.