लाल पान, पिवळी हळद आणि चुकलेला चमचा

कागदावर लिहिलं होतं अर्धा टीस्पून. सहा वर्षांच्या नातवाच्या हातात होता टेबलस्पून. त्याने इमानेइतबारे अर्धाच भरला, वरून सुरीने सपाट केला आणि पिठात उपडा केला. अमेरिकी मापांत टीस्पून ५ मिलिलिटरचा आणि टेबलस्पून १५ मिलिलिटरचा, म्हणजे खाण्याचा सोडा बरोब्बर तिप्पट पडला. मला हे कळलं तेव्हा डोनट ओव्हनमधून बाहेर आले होते आणि त्यांचा रंग बघून माझी लेक दारातूनच म्हणाली, "आई, जळले का गं?"

जळले नव्हते. पुढचे दोन तास त्या बिघडलेल्या घाण्याने आम्हाला जे दाखवलं, ते बरोबर जमलेल्या घाण्याने कधीच दाखवलं नसतं.

न्यू जर्सीत ऑक्टोबर म्हणजे 'फॉल'. सफरचंदांच्या बागेत जायचं, भोपळे उचलून आणायचे आणि येताना सायडर डोनट खायचे, हा इथला रिवाज. सायडर म्हणजे इथे दारू नव्हे, सफरचंदाचा ताजा, न गाळलेला, तपकिरी रस. १९५१ साली एका अमेरिकी डोनट कंपनीने पानगळीच्या मोसमासाठी म्हणून सायडर डोनटची जाहिरात केली आणि बागवाल्यांनी तो आपलासा केला. बागेतले डोनट तळलेले असतात. घरात पोरं असताना उकळतं तेल नको, म्हणून लेकीने कड्यांच्या आकाराचे खळगे असलेला साचा आणलाय. त्यात पीठ ओतायचं, ३५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसला, बारा मिनिटं भाजायचं. मधलं भोक शोभेचं नाही. मेदूवड्याला असतं त्याच कारणाने असतं: आच मधोमध पोचेपर्यंत कडा करपू नयेत म्हणून.

रंगाची गोष्ट निघाली ती सजावटीवरून. नातीला डोनटवर मेपलची पानं काढायची होती, पिवळी, केशरी, लाल. पण या घरात बाटलीतल्या रंगांना सध्या बंदी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'रेड थ्री' या लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली, तेव्हापासून. हा रंग म्हणजे एरिथ्रोसिन, केकवरच्या लालचुटुक चेरीतला. नर उंदरांत मोठ्या मात्रेने गाठी झाल्या आणि तिथला जुना कायदा म्हणतो की प्राण्यात कर्करोग करणारा रंग अन्नात चालणार नाही, संपलं. उंदरांत ज्या वाटेने ते घडतं ती वाट माणसात तशी नाही, असं त्याच प्रशासनाने त्याच निवेदनात म्हटलंय. ते वाक्य बातम्यांत कुठे दिसलं नाही. असो. लेकीच्या घरात लेकीचा कायदा. मी माझ्या बॅगेतून सांगलीची हळद काढली आणि फ्रिजमधून कोकमाचं आगळ.

पिठीसाखर, जरासं दूध आणि चमचाभर लोणी. हळद पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते किंवा तळाशी बसते, म्हणून ती आधी कोमट लोण्यात घोटली. सुरेख पिवळं आयसिंग झालं. नातीने गरम डोनट त्यात पालथा बुडवला, सरळ केला, जाळीवर ठेवला. आणि मिनिटभरात त्या पिवळ्यात खालून केशरी डाग उमटू लागले. मग विटकरी. मग काही ठिकाणी सरळ लाल.

"आजी, डोनटला रक्त आलं!" नातू ओरडला.

चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला यापेक्षा गोड वाक्य काय ऐकवणार?

हा प्रकार तुम्ही पाहिलेला आहे. ढोकळ्याच्या पिठात हळद जास्त झाली आणि सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके येतात, तेच हे. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो, आपण घाईने साबण चोळतो आणि डाग पिवळ्याचा लालभडक होतो, तेही हेच. सातवी-आठवीत हळदीचा कागद करून त्यावर चुन्याची निवळी टाकली असेल. हळद हा 'दर्शक' आहे, आम्लात पिवळा, आम्लारीत लाल. पुस्तक इथेच थांबतं. मला नेहमी वाटत आलंय की खरी मजा त्याच्या पुढच्या ओळीत आहे, आणि ती ओळ कुणी लिहीत नाही.

हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या रेणूचा. रेणू लांबट आहे. दोन टोकांना सहा-सहा कार्बनची दोन कडी, मधे सात कार्बनची साखळी. या सगळ्या लांबीभर एकाआड एक दुहेरी बंध आहेत. असं असलं की काही इलेक्ट्रॉन एका बंधाला चिकटून राहत नाहीत, ते साखळीभर पसरतात. तंबोऱ्याची तार डोळ्यापुढे आणा. तार जितकी लांब तितका सूर खाली. पसरलेल्या इलेक्ट्रॉनांचंही तसंच: ऐसपैस जागा मिळाली की त्यांना ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढवायला कमी ऊर्जेचा प्रकाश पुरतो. कर्क्युमिनची ही 'तार' सुमारे ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला, म्हणजे जांभळ्या-निळ्याला दाद देते. तेवढा रंग ती गिळते. पांढऱ्या उजेडातून जांभळा-निळा वजा केला की उरतं ते डोळ्याला पिवळं दिसतं. हळद पिवळा रंग 'देत' नाही, निळा ठेवून घेते.

आता सोडा. रेणूच्या दोन्ही टोकांना ऑक्सिजनला लटकलेला एकेक हायड्रोजन आहे, आणि मधल्या साखळीत तिसरा. आम्लारी माध्यम या हायड्रोजनांची केंद्रकं ओढून नेतं. सामू, म्हणजे आम्ल-आम्लारी मोजायचा आकडा (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी), सात-आठच्या वर चढला की हे सुरू होतं आणि नऊच्या आसपास तिन्हींवर डल्ला पडतो. हायड्रोजन जातो, पण त्याचा इलेक्ट्रॉन मागे ऑक्सिजनवर राहतो. तो ऋणभार ऑक्सिजन एकट्याने धरून बसत नाही, साखळीत ढकलतो. पायऱ्यांमधलं अंतर घटतं, तार सैल होते, सूर उतरतो. आता रेणू जांभळा सोडून निळा-हिरवट प्रकाश गिळू लागतो, आणि पांढऱ्यातून निळा-हिरवा गेला की उरतो लाल. नवीन रंग कुणी ओतला नाही. रेणूतले हायड्रोजनचे दोन-तीन कण हलले आणि डोनट 'रक्ताळला'.

इथवर येताना काही वाचक गळाले असतील तर गळू दे, पानगळीचेच दिवस आहेत.

एक प्रश्न उरतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू सव्वाआठच्या आसपास, त्याने हळद जेमतेम केशरी व्हायला हवी. मग इतकी लाल कशी? उत्तर ओव्हनमध्ये आहे. सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतो आणि मागे धुण्याचा सोडा राहतो, जो चांगलाच तिखट आम्लारी आहे, सामू ११ च्या घरात. एरवी सायडर आणि ताकातली आम्लं सोड्याचा बराचसा भाग खाऊन टाकतात, म्हणून तर कृतीत मापं दिलेली असतात. आमच्या तिप्पट सोड्यापुढे ती बिचारी किती पुरणार? उरलेला सोडा वरच्या कवचात तापला. डोनटला साबणासारखी चव आली ती त्यामुळे, आणि लेकीला ते जळल्यासारखे वाटले तेही त्यामुळेच. पाव, डोनट, कांदा तपकिरी होतो तो प्रथिनांतल्या अमिनो गटांनी शर्करेशी संधान बांधल्यामुळे. आम्लात या गटांवर जादा हायड्रोजन बसलेला असतो, ते जखडलेले असतात. आम्लारीत सुटतात आणि रंग भराभर चढतो.

तर, रक्त. नातवाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला आमच्या गावचा बाबा आठवला. कोपऱ्यात लिंबू कापायचा, लाल थेंब टपकायचे, 'करणी आहे' म्हणून बाई मट्कन खाली बसायची. सुरीला जास्वंदीचा रस आधीच लावलेला असे. जास्वंद दर्शकच, लिंबाच्या आम्लात लाल. हळदीच्या हातावर चुन्याचं पाणी टाकून 'भानामती' दाखवणाराही त्याच शाळेतला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव भर चौकात करून दाखवत आलेत. लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि पुढच्या अमावास्येला दाराला लिंबू बांधतात. मला राग बाबाचा येत नाही, त्याचं पोट आहे. राग येतो तो आठवीच्या पुस्तकात हळदीचा कागद करून मार्क मिळवलेल्या आणि तरीही मट्कन बसणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

आणि इथल्यांनी हसू नये. अमेरिकेत हळदीच्या दुधाला 'गोल्डन लाटे' म्हणतात आणि कर्क्युमिनच्या गोळ्या सांधेदुखीपासून विस्मरणापर्यंत सगळ्यावर विकल्या जातात. पी हळद आणि हो गोरी! २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा आढावा घेतला. दुहेरी अंधपद्धतीने (खरी गोळी कुणाला मिळतेय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही), नकली गोळीशी ताडून केलेली एकही चाचणी त्यांच्या मते यशस्वी नव्हती. कारण फार लांब शोधायला नको. पाण्यात न विरघळणारं आणि जरा आम्लारी माध्यमात तुटून जाणारं कर्क्युमिन रक्तात पोचणार कधी आणि टिकणार किती? आमच्या जाळीवरही दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाल रंग मेलेला होता, तपकिरी. हळद भाजीत घाला, हळदीकुंकवाला द्या. गोळी विकत घेण्याआधी तो डोनट आठवा.

पुन्हा ओट्याकडे. पोरांना आता डोनट खायचे नव्हते (एक घास पुरला होता), प्रयोग करायचे होते. मी उरलेल्या पिवळ्या आयसिंगच्या निम्म्या भागात मुद्दाम चिमूटभर सोडा घातला. विटकरी झालं. नातीने ते डोनटवर पानाच्या आकारात पसरलं. मग तिच्या हातात मी लिंबाच्या रसात बुडवलेली दातकोरणी दिली आणि म्हटलं, "आता शिरा काढ." दातकोरणी फिरली तिथे बारीक फेस आला, आणि फेस बसल्यावर विटकरी पानावर पिवळीधमक शीर उमटली. मधली एक, मग तिला फुटणाऱ्या दोन्हीकडच्या. लिंबाने हायड्रोजन परत दिला होता. नाती-नातवाने मिळून अकरा पानं काढली. बाराव्यावर कोकमाचं आगळ घातलेलं गुलाबी आयसिंग लावलं तर ते कडेने मळकट जांभळं-निळसर पडलं. कोकमातलं अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्यही दर्शकच. नातू म्हणाला, हे भुताचं पान. हॅलोविन जवळ आलेला होता, चालून गेलं.

खिडकीबाहेरची पानं मात्र वेगळ्या हिशेबाने रंगतात. पानगळीत पिवळा रंग 'येतो' असं बहुतेकांना वाटतं. तो उन्हाळाभर तिथेच असतो. गाजरा-भोपळ्यात असतात तसली कॅरोटिनॉइड द्रव्यं हरितद्रव्याखाली झाकलेली असतात. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडीत काढतं, पानातलं नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतं, आणि पडदा सरकला की मागचं पिवळं दिसतं. लाल मात्र खरोखर नव्याने तयार होतो. निरभ्र दिवस आणि थंड रात्री लागल्या की मेपलच्या पानात साखर साठते आणि तिच्यापासून अँथोसायनिन बनतं. चार दिवसांत गळून पडणाऱ्या पानावर झाड हा खर्च का करतं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. कुणी म्हणतं उन्हापासून आडोसा, कुणी म्हणतं किड्यांना इशारा. सह्याद्रीत आपल्याकडे उलटं आहे. कुसुंबाचं झाड वसंतात लालबुंद होतं ते पालवीने, पिंपळाची कोवळी पानंही तांबूस. रंगद्रव्य त्याच घराण्यातलं, पण आपल्याकडे ते पानाच्या जन्माला येतं.

हे मी सांगत असताना नातू हळूच सटकला होता. खिडकीतून पाहिलं तर अंगणात मेपलच्या लाल पानावर अर्धं लिंबू घासत उभा. पान लालच. तो फुरंगटून आत आला. मी म्हटलं, अरे, हा लाल हळदीचा नाही, आणि पानाच्या पेशीतल्या ज्या रिक्तिकेत, म्हणजे रसाच्या पिशवीत, तो असतो तिथे आधीपासूनच आंबट आहे. तुझ्या लिंबाला करण्यासारखं काही उरलेलं नाही.

"मग सोडा?"

पाच-सहा लालभडक पानं चुरून गरम पाण्यात टाकली, पाणी गाळून काचेच्या पेल्यात घेतलं. चहाच्या रंगाचं, लालसर. या वेळी त्याने टीस्पून शोधून काढला, दोनदा मला विचारून खात्री केली आणि सोडा टाकला. पाणी फिरलं. आधी गढूळ, मग हिरवट.

"आजी, पान परत हिरवं झालं!" तो पेला घेऊन आईकडे धावला.

तो हिरवा हरितद्रव्याचा नव्हे, हे सांगायला मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले.