आरएसी आणि वेटिंग : दोन्हीला ‘वेटिंगचं तिकीट’ म्हणू नका

सोयाबीन घरात येतं, दिवाळी होते आणि वर्धा, बडनेरा, अकोल्याहून पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या पोरांची रीघ लागते. त्या आठवड्यात कन्फर्म बर्थ मिळणं मुश्कील. सेतू केंद्रावरून आणलेल्या कागदावर ‘आरएसी 14’ असतं नाहीतर ‘डब्ल्यूएल 14’, आणि घरी दोन्हीचं नाव एकच पडतं : वेटिंग. दोन्हीला भाडं स्लीपरचं पूर्णच लागतं, म्हणून गैरसमज आणखी पक्का होतो. पण एका तिकिटावर प्रवास नक्की आहे, दुसऱ्यावर फक्त रांगेतला नंबर आहे.

आरएसीवर (रिझर्व्हेशन अगेन्स्ट कॅन्सलेशन) तुम्ही डब्यात हक्कानं चढता. बाजूचा खालचा बर्थ (स्लीपरमध्ये 7, 15, 23, 31 असे आठ-आठच्या अंतराने येणारे क्रमांक) दोघांत वाटून मिळतो. बर्थ मधून उघडला की समोरासमोर दोन सीट होतात. कोणी तिकीट रद्द केलं किंवा कोणी आलंच नाही, तर पूर्ण बर्थ आधी आरएसीवाल्यालाच मिळायला हवा. म्हणून गाडीत बसल्यावर एक-दोन स्टेशनं गेली की टीसीला विचाराच. नाहीच मिळाला तर रात्र बसून काढावी लागते. तरण्या माणसाला ते चालून जातं. ऑपरेशन झालेल्या किंवा पाठीच्या रुग्णासाठी मात्र आरएसीच्या भरवशावर निघू नका.

वेटिंगचं तसं नाही. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरची सगळी नावं चार्ट (कोणाला कुठला बर्थ मिळाला त्याची शेवटची यादी) लागेपर्यंत वेटिंगमध्येच राहिली, तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. तरीही डब्यात चढलात तर तुम्ही विनातिकीट : भाडं भरा आणि वर किमान 250 रुपये दंड. खिडकीवरचं वेटिंग तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण त्यावरही आरक्षित डब्यात बसता येत नाही. गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधीपर्यंत ते खिडकीवर परत केलं नाही, तर पैसे बुडाले. आरएसीलाही हीच 30 मिनिटांची मर्यादा आहे. मात्र चार्ट लागल्यावर आरएसीच्या ई-तिकिटासाठी टीडीआर (पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज) भरावा लागतो. वेळेत रद्द केलं तर माणशी 60 रुपये कापले जातात. कुटुंबाच्या एकाच पीएनआरवर (तिकिटाच्या नंबरावर) काही नावं कन्फर्म किंवा आरएसी आणि बाकीची वेटिंगमध्ये असतील, तर ते ई-तिकीट रद्द होत नाही. सगळे चढू शकतात, जागा मात्र मिळाली तेवढ्यांनाच.

वेटिंगचा नंबर बघण्याआधी त्याच्या पुढची अक्षरं बघा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे साधारण वेटिंग, सहसा सगळ्यात लवकर सरकणारं. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल ही मधल्या स्टेशनांच्या कोट्याची. त्यांचा कोटा लहान, म्हणून तिथे 10 नंबरही अडकून बसतो. तत्काळचं टीक्यूडब्ल्यूएल तर आरएसीत जातच नाही, थेट कन्फर्म झालं तरच झालं. ‘30/12’ असं लिहिलेलं असेल तर तिकीट काढलं तेव्हा नंबर 30 होता, आज 12 आहे.

हावड्याहून येणाऱ्या गाड्यांत आपली स्टेशनं मध्येच पडतात, म्हणून असं मधल्या कोट्याचं वेटिंग पदरी पडतं. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच निघते, तिच्यात आधी बघा. वर्ध्याहून बसायचं असेल आणि तिथून वेटिंग दिसत असेल, तर गोंदियाहून तिकीट काढून ‘बोर्डिंग स्टेशन’ वर्धा ठेवता येतं. रेल्वेचं भाडं लांबच्या अंतराला किलोमीटरमागे कमी होत जातं, त्यामुळे फरक वाटतो तितका पडत नाही. बोर्डिंग बदलायला मात्र विसरू नका. गोंदियाला तुम्ही दिसला नाहीत, तर टीसी तुमचा बर्थ गैरहजर समजून आरएसीवाल्याला देऊन टाकू शकतो.

तारखा मोजताना बरेच जण चुकतात. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, सकाळी 8 वाजता. पण ते दिवस मोजायचे ते गाडी मूळ स्टेशनाहून सुटते त्या तारखेपासून. गीतांजली एक्स्प्रेस हावड्याहून दुपारी निघते आणि बडनेऱ्याला दुसऱ्या दिवशी पोचते. बडनेऱ्याहून 15 तारखेला बसायचं असेल, तर तत्काळ 13 लाच, म्हणजे गाडी हावड्याहून सुटण्याच्या आदल्या दिवशी उघडतं (एसीला सकाळी 10, स्लीपरला 11). 14 ला गेलात तर उरलंसुरलं हाती येणार. शिवाय जुलै 2025 पासून तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात एजंटला तिकीट काढता येत नाही. त्या अर्ध्या तासासाठी सेतू केंद्रावर बसून उपयोग नाही. स्टेशनची खिडकी गाठा, नाहीतर आधार जोडलेल्या स्वतःच्या खात्यातून काढा. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, तेवढं डोक्यात ठेवून काढा.

केंद्रावरून साधं तिकीट काढतानाही मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की चार्टचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्ही ऑटोचं भाडं भरून रद्द झालेलं तिकीट घेऊन स्टेशनवर पोचता. घरून निघण्याआधी 139 ला फोन करून दहा आकडी पीएनआरची स्थिती विचारा. चार्ट पूर्वी चार तास आधी लागायचा, 2025 पासून तो त्याच्याही बराच आधी लागतो. गावाहून बडनेरा गाठायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, त्यांच्यासाठी हा मोठाच फायदा आहे.

वेटिंग असेल तर परतीचे पैसे हाती आहेत असं धरून चालू नका. ते खात्यात यायला दिवस लागतात आणि ऐन वेळी ट्रॅव्हल्सचं भाडं रोख मोजावं लागतं. म्हणून तिकीट काढतानाच दुसऱ्या गाडीचे किंवा एसटीचे पैसे वेगळे ठेवा. 200 किलोमीटर आणि त्यापुढच्या प्रवासाचं जनरल तिकीट तीन दिवस आधी खिडकीवर मिळतं. परीक्षा किंवा दवाखान्याची तारीख चुकवायची नसेल, तर चार्टची वाट न बघता तेच काढून ठेवा.