रोमन सैनिकाच्या खांद्यावर किती ओझं होतं?

इ.स. 358. रोमन सेनापती ज्युलियनने पश्चिम युरोपातल्या म्यूज नदीकाठचे तीन किल्ले पुन्हा उभारले आणि तिथल्या शिबंदीसाठी आपल्याच शिपायांच्या शिध्यातला वाटा काढून घेतला. प्रत्येक शिपाई 17 दिवसांचा शिधा खांद्यावर वाहत होता. पुढे शत्रूच्या शेतातलं धान्य मिळेल, असा ज्युलियनचा हिशेब. पण पीक तयारच नव्हतं. उपाशी शिपायांनी त्याला तोंडावर शिव्या घातल्या.

अमियानस मार्सेलिनस या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. शिधा कशात भरला, खांद्याला कसा अडकवला, हे मात्र तो सांगत नाही. स्वतः सैनिक असलेल्या माणसाला त्यात सांगण्यासारखं काय वाटणार!

मग अभ्यासक रोममधल्या सम्राट ट्राजनच्या कोरीव स्तंभाकडे वळतात. तिथे शिपायांच्या खांद्यावर काठ्या आणि काठ्यांना बांधलेल्या पिशव्या, जाळ्या, भांडी स्पष्ट दिसतात. पण हा स्तंभ 113 सालचा, ज्युलियनच्या जवळजवळ अडीचशे वर्षं आधीचा. शिवाय त्यातली ओझी डोक्यांच्याही वर उचललेली आहेत. शिल्पकाराला ती दाखवायची होती. तशी धरून दिवसभर चालणं अवघडच. 315 सालच्या, रोममधल्याच सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर कूच करणारं सैन्य आहे, पण तिथे सामान दिसतं ते उंटाच्या पाठीवर. कॉन्स्टँटिनोपलचा (आजचं इस्तंबूल) सम्राट आर्केडियसचा असाच कोरीव स्तंभ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला. त्याची उरली ती जुनी रेखाटनं आणि बैठक.

चित्र गप्प बसतं तिथे धातू बोलतो. चामडं कुजलं, पण शिपायांच्या कमरपट्ट्यांवरच्या कांशाच्या पट्ट्या टिकल्या. पंख्याच्या पात्यांसारख्या काही पट्ट्या कमरपट्ट्यावर उभ्या ठोकलेल्या असत; त्यांच्या उंचीवरून कमरपट्ट्याची रुंदी कळते, आणि मागच्या रिव्हेटच्या लांबीवरून चामड्याची जाडी. बल्गेरियातल्या सिलिस्त्रा इथल्या चौथ्या शतकातल्या थडग्यात तर नोकर मालकाचे कपडे आणि रुंद कमरपट्टा घेऊन येताना रंगवलाय. चित्र आणि वस्तू असे जुळले की जुनी वस्तू नव्याने बनवून पाहताना त्या पुनर्रचनेवर विश्वास बसतो.

पिशवीच्या बाबतीत तसं भाग्य नाही, म्हणून मला वजनापासून उलट मोजत येणं जास्त पटतं. युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेगेटियस सांगतो, नव्या भरतीला 60 रोमन पौंडांपर्यंत ओझं घेऊन चालायला लावावं, कारण मोहिमेत शिधा आणि शस्त्रं दोन्ही वाहावी लागतात. हे साधारण साडेएकोणीस किलो होतात. सैनिकांच्या शिध्याबद्दलच्या 360 सालच्या रोमन फर्मानात दोन दिवस सुकी बिस्किटं, तिसऱ्या दिवशी पाव असा क्रम आहे. रोजचा किलोभर शिधा धरला, तर 17 दिवसांचे 17 किलो नुसत्या खाण्याचेच. इतकं वजन बारीक बंदाच्या झोळीत टाकलं तर बंद खांद्यात रुतणार. त्यामुळे रुंद पट्ट्याची किंवा वजन दोन्हीकडे विभागणारी पडशी मला अधिक संभवनीय वाटते. खरं-खोटं तपासायचं तर ती शिवावी, भरावी आणि घेऊन डोंगर चढावा.