थेट संगीत कार्यक्रमातील प्रकाशनियंत्रण

बँड मंचावर वाजवत असताना दिव्यांची तीव्रता, रंग, दिशा आणि हालचाल गाण्याच्या अंगाने बदलत नेणे म्हणजे प्रकाशनियंत्रण. नाटकातले संवाद ठरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक प्रकाशबदल, म्हणजे क्यू, आधी बांधून ठेवता येतो. बँडच्या कार्यक्रमात मात्र गिटारवादक सोलो लांबवतो, गायक श्रोत्यांकडून ध्रुवपद पुन्हा गाऊन घेतो, गाण्यांचा क्रम ऐन वेळी बदलतो. म्हणून कन्सोलवरच्या, म्हणजे दिवे चालवणाऱ्या नियंत्रण-फलकावरच्या, ऑपरेटरला यंत्राइतकीच गाणीही माहीत असावी लागतात.

कन्सोल आणि दिवे यांच्यातला दुवा बहुधा डीएमएक्स 512 हा असतो. अमेरिकेतील यूएसआयटीटी या संस्थेने 1986 मध्ये ही प्रमाणपद्धती आणली आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे कन्सोल व डिमर (दिव्याची तीव्रता कमी-जास्त करणारी उपकरणे) एकमेकांशी जुळू लागले. एका केबलवरून 512 चॅनेल जातात, प्रत्येकाचे मूल्य 0 ते 255 असते. या संचाला युनिव्हर्स म्हणतात. साध्या डिमरला एक चॅनेल पुरतो. मूव्हिंग हेडला, म्हणजे स्वतः वळणाऱ्या दिव्याला, मात्र रंग, गोबो (झोतात आकृती उमटवणारी चकती), झूम, पॅन (आडवे वळणे), टिल्ट (वर-खाली झुकणे) अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा चॅनेल लागतो. पॅन-टिल्टला तर अनेकदा दोन-दोन दिलेले असतात, कारण 256 पायऱ्यांत संथ हालचाल धक्के खाते. दोन चॅनेल मिळून 65,536 पायऱ्या होतात. दिवे साखळीने जोडतात आणि शेवटी 120 ओहमचा टर्मिनेटर लावतात. तो विसरला तर सिग्नल परतून दिवे उगाच लुकलुकू शकतात. मोठ्या मंचांवर अनेक युनिव्हर्स आर्ट-नेट किंवा एसएसीएन या नेटवर्क-पद्धती वापरून नेटवर्क केबलवरून नेतात.

बँड क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यांवर, वाजवत असेल तर क्यू टाइमकोडला, म्हणजे गाण्यासोबत धावणाऱ्या वेळेच्या सिग्नलला, बांधता येतात. अचूकता मिळते, मोकळीक जाते. दुसरी पद्धत बस्किंगची. रंग, दिशा आणि हालचालींचे इफेक्ट वेगवेगळ्या फेडरवर (सरकत्या नियंत्रकांवर) व बटणांवर ठेवायचे, टॅप टेम्पोने, म्हणजे ठेक्यावर बटण दाबून, लय पकडायची आणि ऐकत ऐकत हाताने प्रकाश उभा करायचा. जिवंत वादनाला हीच पद्धत जास्त न्याय देते. मायक्रोफोनवर चालणारा ‘साउंड मोड’ बासच्या ठोक्याला प्रतिसाद देतो, पण दोन मात्रांनंतर ध्रुवपद येणार आहे हे त्याला कळत नाही. ड्रमर फिल (पुढच्या भागाकडे नेणारा छोटा तुकडा) घेऊ लागताच ऑपरेटरचे बोट बटणावर गेलेले असते.

खरा कस संयमाचा असतो. पहिल्याच गाण्यात ब्लाइंडर (श्रोत्यांकडे रोखलेले प्रखर दिवे), स्ट्रोब (झपाट्याने लखलखणारा दिवा) आणि सगळे रंग उधळले, तर शेवटच्या गाण्यासाठी नवे काहीच उरत नाही. कडव्यात दोनच रंग आणि स्थिर दिवे ठेवले, की ध्रुवपदातली छोटी हालचालही मोठी वाटते. गायकाच्या चेहऱ्यावर समोरून थोडा उबदार पांढरा प्रकाश हवाच. नुसत्या गडद निळ्यात भाव दिसत नाहीत. मागून येणारे झोत हवेत दिसावेत म्हणून विरळ धुके सोडणारे हेझ मशीन लागते.

स्ट्रोबबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. सेकंदाला 3 हून अधिक वेळा होणारे लखलखाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना झटका आणू शकतात. म्हणून स्ट्रोब थोडाच वेळ वापरावा आणि प्रवेशद्वाराशी तशी सूचना ठळकपणे लावावी.